डिक्टेशनसर आणि म्हाताऱ्याचा घोडा

डिक्टेशनसर बोलत नसत, डिक्टेशन देत. शिपायानं चहाचं विचारलं तरी उत्तर तुकड्यातुकड्यानं आणि दोनदा येई: "अर्धा कप... साखर कमी... अर्धा कप, साखर कमी." शिपाई हसू दाबत निघून जाई.

नगरच्या कॉलेजात प्री-डिग्रीला ते आम्हाला इंग्रजी शिकवत. भर उन्हाळ्यातही अंगात कोट. वर्गात आले की पाठ्यपुस्तक टेबलावर पालथं घालत आणि खिशातून पिवळे पडलेले कागद काढत. "धडा वाचत बसू नका. परीक्षक धडा विचारत नाही, उत्तर विचारतो." एका म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या घोड्याच्या धड्यावर आम्ही महिनाभर नोट्स उतरवून घेतल्या. म्हाताऱ्याचा स्वभाव, लेखकाची शैली, आयरनी, पॅथॉस. घोड्याचं पुढं काय झालं, ते मात्र वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारी बसणारा जामखेडचा यासीन म्हणे, "घोडा जगला काय अन् मेला काय! तू पॅथॉस पाठ कर."

मला हे सोसत नव्हतं. दुष्काळ होता. आई खडी फोडायला जात होती, वडिलांनी बैल घोडेगावच्या बाजारात विकले होते, आणि मी कॉलेजात न कळणारी वाक्यं घोकत होतो. सुट्टीला गावी गेलो की आई विचारायची, "काय शिकिवलं रं इंग्रजीत?" मी नोट्स घडाघडा म्हणून दाखवायचो. "आसं न्हाई. मानसाच्या बोलीत सांग." तिथं माझी बोबडी वळायची.

थोरल्या भावाच्या ट्रंकेतली मोर्च्यांची पत्रकं वाचत मी वाढलो. तेव्हा मीही घोकंपट्टीविरुद्ध एक पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाईल करून वर्गात वाटलं आणि एक सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी उभ्यानंच वाचलं. लाल पेन काढलं.

"'जुलमी व्यवस्थेचे पाश तोडा.' हे कुठल्या पत्रकातलं?"

सरांनी त्यावर काट मारली.

"'आता लढा अटळ आहे.' हेही पाठच केलेलं."

मग एका वाक्याखाली रेघ ओढून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. आई विचारते काय शिकलास, आणि मला सांगता येत नाही, असं ते वाक्य होतं. "एवढंच तुझं आहे," सर म्हणाले. वर्ग खिदळला. माझे कान तापले, पण वाटलं, ज्याला हे ओळखता येतं तो माणूस आता तरी पुस्तक उघडेल. सरांनी खिशातून पिवळे कागद काढले. "लिहा... पुढचा प्रश्न..."

मी त्याच नोट्सवर पास झालो. निकालाचा आनंदसुद्धा धड होईना.

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. नेवाशाला आपल्या गावी निघालेले मला एस.टी. स्टँडवर भेटले. नमस्कार राहिला बाजूला, मी तडक विचारलं, "सर, त्या घोड्याचं काय झालं?"

त्यांनी वळकटी खाली ठेवली आणि एकही शब्द दोनदा न उच्चारता गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याला घोडा विकायचा असतो. घरात दाणा नसतो. पण गिऱ्हाईक आलं की तो घोड्याच्या खोडी सांगत सुटतो. लाथा झाडतो, दमेकरी आहे, अंधाराला बुजतो. कुणीच घेत नाही. म्हातारा खुशीत घोडा घरी आणतो. दारात बायको उभी असते, मागं चूल थंड.

"एवढं सोपं? मग वर्गात का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकत बसला असतात. पास कोण झालं असतं?"

नेवाशाची गाडी लागली. सर चढले. माझं भांडण तोंडातच राहिलं.

गावी जाऊन आईला गोष्ट सांगितली, तिच्या बोलीत. तिचे हात थांबले. "तुज्या बापानं बी बाजारात ह्येच केलं. इकायच्या आदी मारका हाय, मारका हाय म्हनत दोन येळा बैल माघारी आनले." मग माझ्यावरच उसळली.

"आपल्या घरातली गोष्ट ही. त्या मास्तरानं वरीसभर का लपवून ठिवली हुती?"