गुण उतरवणारं फळ

मंगळवार पेठेतून जाताना तालमीच्या दारातून हळद आणि ताक मुरलेल्या मातीचा वास आला, आणि माझे पाय तिथंच थांबले. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगाला कायम हाच वास असायचा. गुडघा जाऊन कुस्ती सुटली तरीही.

शाळेत असताना एका दुपारी मी व्हिडिओ गेममधला माझा प्राणी एका बारक्या प्राण्याशी पुन्हा पुन्हा लढवून स्पर्धेसाठी तयार करत होते. आप्पा शेजारी येऊन बसले.

"त्याच त्या बारक्याला किती येळ मारतीस गं?"

"चपळ प्राण्याशी लढलं की चपळाई वाढते, आप्पा. दांडग्याशी लढलं की ताकद."

"आमच्यातबी तसंच की!" ते खूश झाले.

"पण गुण मोजकेच मिळतात. सगळे ताकदीत घातले की चपळाईला काही उरत नाही."

आप्पांचा हात गुडघ्यावर गेला. "आमी सगळं ताकदीतच घाटलं. ह्यात चुकलं तर काय करायचं?"

"एक फळ खायला घालायचं. घातलेले गुण उतरतात, मग नव्यानं सुरुवात. दाखवू?"

त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला.

"नगो," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. कमावलंय त्येनं."

मला वाटलं, ते प्राण्याबद्दल बोलताहेत.