आपा नॉर्मन, मी सॅक्सन

धाराशिवच्या मुलींच्या शाळेत शिकवता शिकवता परीक्षेला बसणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मॅट्रिक झालात तरच वरचे वर्ग मिळतील, असं मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. निजामाच्या अमलातली शेवटची काही वर्षं होती ती. मी दुसरी-तिसरीच्या मुलींना मराठी शिकवायची. आपा चौथीच्या मुलींना उर्दू शिकवायच्या. त्या नळदुर्गच्या मुसलमान घरातल्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. भाऊ इथल्या कचेरीत कारकून होता, त्याच्याकडं राहायच्या. मी लोहाऱ्याच्या लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी, मावशीकडं राहायची. मी त्यांना आपा म्हणायची आणि त्या मला अक्का. लहान असून मी अक्का कशी, असं विचारलं तर म्हणायच्या, "तुझ्या तोंडावर थोरलेपण आहे, मी काय करू?"

मॅट्रिकला इंग्लंडचा इतिहास होता आणि तो उर्दूतून. शाळा सुटली की आम्ही ओसरीवर एकच पुस्तक मध्ये ठेवून बसायचो. उर्दू मला येत होतं, पण परक्या नावांशी गाठ पडली की अडखळायला व्हायचं, कारण त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, अंदाजानं वाचावं लागतं. एका दुपारी मी मोठ्यानं वाचलं, "समुद्रापलीकडून नारमन आले." मग थांबून विचारलं, "आपा, नारमन म्हणजे बाईचं मन का?"

आपा इतक्या हसल्या की मोठ्या बाई दारात येऊन बघून गेल्या. मग त्यांनी डोळे पुसून मला नॉर्मन लोकांची हकीकत समजावून सांगितली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा एक सरदार घोडे आणि माणसं घेऊन इंग्लंडात उतरला, तिथला राजा लढाईत पडला आणि हा गादीवर बसला. दरबार, कायदा, कागदपत्रं सगळं त्याच्या भाषेत सुरू झालं. तिथले मूळचे सॅक्सन शेतकरी मात्र आपल्याच बोलीत नांगर हाकत राहिले. म्हणून इंग्रजीत मेंढी चरत असते तोवर शीप, आणि साहेबाच्या ताटात पडली की मटन. राखणाऱ्याचा शब्द वेगळा आणि खाणाऱ्याचा वेगळा.

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, "मग आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? आम्ही कसतो तोवर ते रान, कचेरीत गेलं की अराजी."

"आणि तुम्ही रडता ते रडणं," आपा म्हणाल्या, "आमच्याकडं आलं की फिर्याद."

त्या दिवसापासून आपा नॉर्मन झाल्या आणि मी सॅक्सन. त्या सकाळी शाळेत आल्या की मी विचारायची, समुद्र ओलांडताना त्रास तर नाही ना झाला? त्या माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी बघून म्हणायच्या की सॅक्सन लोक अजून हेच खातात वाटतं. मी गावाला धाराशिव म्हणायची, त्या मुद्दाम उस्मानाबाद म्हणायच्या, आणि शेवटी कंटाळून दोघी नुसतं गाव म्हणायचो.

त्यात आपांच्या बोलण्याला आधारही होता. त्यांच्या वडलांकडं घराण्याचा शजरा होता, म्हणजे वंशावळीचा लांब कागद. त्यात पहिलं नाव बुखाऱ्याहून घोडे घेऊन आलेल्या कुणा पूर्वजाचं होतं. तो नळदुर्गच्या किल्ल्यात चाकरीला राहिला, असं घरात सांगत. मी म्हटलं, आमच्याकडं कागद नाही, कारण आम्हाला लागतच नाही. आम्ही इथंच उगवलो.

आपांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं. "तुझी आई दूध ओतताना मापं कुठल्या बोलीत मोजते ग?"

आई कानडीत मोजायची. रागावली तरी कानडीतच बोलायची.

सणाच्या सुट्टीत जिनं तिनं घरी जाऊन खरं काय ते विचारून यायचं, असं ठरलं. लोहाऱ्याला मी आजोबांना विचारलं. ते सुपारी कातरत होते. त्यांनी अगदी सहज सांगितलं की आपण इथले न्हाय. पाच पिढ्यांमागं बैलांच्या पाठीवर मिरी-सुपारी लादून कानडी मुलखातल्या कल्याणच्या बाजूनं आपली माणसं आली, आणि बाजार बरा वाटला म्हणून राहिली. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "का ग, कुणी हाकलतंय का?"

सुट्टी संपून परत आले तेव्हा आपा ओसरीवर माझी वाटच बघत होत्या. मी माझी हार आधी कबूल केली. त्यांनी टाळी द्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग हळू आवाजात त्यांनी आपलं सांगितलं. शजऱ्यात सगळी नावं पुरुषांचीच होती. बायका कोण होत्या, हे वडलांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या दादीला, म्हणजे वडलांच्या आईला, ठाऊक होतं. दादी म्हणाली, बुखाऱ्याहून पुरुष आले, बाया कुठं आल्या? बाया सगळ्या इथल्याच. कुणी विणकराची लेक, कुणी कुणब्याची. दादीच्या सासूला तर मरेपर्यंत धड उर्दू आलंच नाही. ती लेकरांना मराठीतच निजवायची.

"म्हणजे मीच सॅक्सन निघाले, अक्का," आपा म्हणाल्या. "आणि तू बैलांवरून आलेली नॉर्मन."

आम्ही पुन्हा त्या धड्याकडं वळलो. आता मला तो वेगळाच वाटायला लागला. ते घोडेस्वारही बायका घेऊन आले नसतील. त्यांच्या लेकरांना अंगाई इंग्रजीतच ऐकू आली असणार, म्हणून तर ती भाषा जगली. पुस्तकात हे नव्हतं. आपांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, "आया कुठल्या?" पुस्तक शाळेचं होतं, पण त्यांनी ते खोडलं नाही.

परीक्षेला दोन महिने उरले असताना गावोगाव रझाकारांची दहशत सुरू झाली. वडील स्वतः येऊन मला घेऊन गेले आणि आम्ही सगळे सोलापूरला नातेवाइकांकडं जाऊन राहिलो. निघताना आपांना भेटता आलं नाही. मावशीच्या हाती निरोप ठेवला, तो त्यांना मिळाला की नाही कळलं नाही. वर्षभरानं नळदुर्गच्या रस्त्यानं हिंदी फौजा आत आल्या, आठवड्याच्या आत निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. सगळीकडं आनंद होता. मलाही झाला, खोटं कशाला सांगू. पण शाळेत गेले तर आपांच्या वर्गावर दुसऱ्याच बाई होत्या.

वडलांना कसंबसं तयार करून मी त्यांच्यासोबत नळदुर्गला गेले. वडील रस्त्यावर ओळखीच्या दुकानात थांबले आणि मी घर विचारत विचारत पोचले. अंगणात ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. भावाची नोकरी राहिली नव्हती, त्याच्या सासरी हैदराबादला सगळे निघाले होते. आपा वाळल्या होत्या. त्यांनी मला धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सोलापूरला कुणी आजारी तर नव्हतं ना, हे विचारलं. आपल्याकडं काय काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

मग त्या म्हणाल्या, "अक्का, लढाई हरलेले लोक पुढं कुठं गेले, ते आपल्या पुस्तकात होतं का ग?"

"ते कुठंच गेले नाहीत, आपा," मी म्हटलं. "तिथंच राहिले. शेती करत राहिले."

"त्यांना शेती होती," आपा म्हणाल्या. "आम्ही कारकून."

राहा म्हणावं असं फार वाटत होतं. पण राहा म्हणायला माझ्या हातात काय होतं? मी बावीस वर्षांची, वडील रस्त्यावर खोळंबलेले. उठताना आपांनी माझा पदर सारखा केला आणि परीक्षा सोडू नकोस, एवढंच बजावलं.

मी सोडली नाही. पुढल्या वर्षी एकटीनं बसले आणि पास झाले. निकाल सांगायला त्यांनी दिलेल्या हैदराबादच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झालेला दिसत होता. दोन वर्षं अशी पत्रं चालली. मग माझं लग्न ठरलं, तेव्हा मी बोलावणं धाडलं. त्याचं उत्तर आलं नाही. लग्नानंतर पुन्हा एक सविस्तर पत्र लिहिलं, ते महिन्याभरानं परत आलं. पाकिटावर पोस्टमननं उर्दूत काहीतरी खरडलं होतं. सासरच्या घरात ते वाचता येणारी मी एकटीच. घरातले लोक मुल्क, म्हणजे देशच, सोडून गेले, असा शेरा होता.

नवऱ्यानं विचारलं, काय लिहिलंय?

मी म्हटलं, घर बदललंय म्हणे. आणि आत जाऊन त्या शेऱ्याचं अक्षर कितीतरी वेळ बघत राहिले. त्यानंतर उर्दूत लिहिलेलं काही वाचायची वेळ माझ्यावर आली नाही. शाळेत सगळं मराठी झालं होतं.