पिठातली पावलं

मोखाड्याच्या आठवडी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेली ती भुताची कादंबरी आम्हा नवरा-बायकोची लाडकी होती. तिच्यात मेलेली बाई घरी परतते आणि जमिनीवर सांडलेल्या पिठात तिची पावलं उमटतात. पुस्तकात त्यावर एवढी एकच ओळ आहे.

त्या कादंबरीवरचा जुना सिनेमा आम्ही टीव्हीवर पाहिला. त्यातली पावलं साधी होती, चुलीपाशी जाऊन थांबणारी. मग मोबाइलवर नवी वेबसीरिज पाहिली. तिच्यात पावलं उलटी, रक्ताने माखलेली, वर कानठळ्या बसवणारं संगीत. मी म्हणालो, हीच भारी. बायको भडकली.

"आपलं माणूस घरी येतं ते काय भेव दाखवायला?"

तिचं माहेर पोशेऱ्याचं. माणूस गेलं की बाराव्याला तिच्या घरी टोपलीखाली पीठ पसरून ठेवतात, ते कुठल्या रूपात येऊन गेलं त्याची खूण बघायला. मी हसलो. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

गेल्या वर्षी ती तापाने गेली. बाराव्याला तिच्या भावाने आमच्या घरात नागलीचं पीठ पसरून वर टोपली झाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलली. "चिमणीचा पाय दिसतोय बघा," तिची आत्या म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गुडघे टेकून, अगदी वाकून पाहिलं. पीठ पसरलं होतं तसंच होतं.

उलटं, रक्ताने माखलेलं, कसलंही पाऊल मला चाललं असतं.