आबांची कराची हौस

कर भरायला मिळावा म्हणून तळमळणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो माझ्या बायकोचा काका आहे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. धुळ्याजवळ त्यांची पपईची मोठी बाग. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ही गोष्ट इतरांच्या सुखाची, आबांच्या मात्र जिव्हारी लागलेली. गावातल्या मास्तरांच्या पगारातून कर कापला जातो म्हणून आबा त्यांचा हेवा करत. "सरकारले मन्हं नावच माहीत नही," हे ते इतक्या दुःखानं म्हणत की समोरच्यानं सांत्वनच करावं. घरपट्टी वसूल करायला ग्रामपंचायतीचा शिपाई आला, तर त्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नसत.

अशा माणसानं आलिशान गाडी घ्यायची ठरवली, त्याला कारण साक्रीची अक्का, त्यांची थोरली बहीण. गुडघे आणि कंबर गेल्यापासून तिला एसटीचे धक्के सोसेनात, म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणंच बंद झालं होतं. आणि आमच्याकडे आखाजीला बहीण आली नाही, तर सणाला सण कोण म्हणेल? "यंदा अक्काले मी गादीवर बसाडीसन आनसू," आबांनी जाहीर केलं आणि मला घेऊन जळगावच्या शोरूममध्ये थडकले.

गिऱ्हाईक सूट विचारतं; आबांनी कर विचारला. विक्रेता भीत भीत म्हणाला, "चाळीस टक्के जीएसटी किमतीतच धरलाय."

"चाळीस!" आबा खुर्चीतून उठलेच.

"आणि त्या सगळ्या किमतीवर रोड टॅक्स."

"म्हंजे करवर कर! जवाईबापू, आयकी राह्यनात ना?" मंगलाष्टकं ऐकावीत तसे आबा ऐकत होते. वर आणखी एक टक्का आयकराच्या नावानं, पण तो विवरणपत्र भरलं की परत मिळू शकतो, हे कळल्यावर मात्र ते चिडले. "देल्लं परत लेतस का कोनी?" शेजारच्या राज्यात नोंदणी करून कर वाचवा, असं सुचवणाऱ्या एका ओळखीच्याशी तर त्यांनी बोलणंच टाकलं.

खरा घोळ पुढेच झाला. रोड टॅक्सच्या आकड्याशेवटी नेमकं शून्य आलं. शुभकार्यात वर एक रुपया नको? संगणक जास्तीचा रुपया घेईना आणि आबा कमी भरू देईनात. कर भरल्याशिवाय नंबर नाही, नंबराशिवाय गाडी बाहेर निघत नाही, आणि आखाजी तोंडावर! या वादात सर्व्हरही बंद पडला, तेव्हा आबांच्या तोंडचं पाणी पळालं. "मन्ही अक्का वाट देखी राह्यनी रे भो!" अखेर विक्रेत्यानं तो रुपया शोरूमच्या गणपतीपुढे ठेवला आणि सर्व्हर जागा होताच उरलेला कर सरकारला पोचता केला.

नंबर मिळाला तो आखाजीच्या आदल्या दिवशी. तसेच आम्ही साक्रीला निघालो. अक्का काठी टेकत दारात आली, गाडीची उंची पाहून थबकली. "इतला कर भरा, आन् चढाले पायरी नही का रे?"

आबांचा चेहरा पडला. मग ते पांढऱ्या धोतरानिशी धुळीत बसले आणि एक गुडघा पुढे केला. "ठेव पाय."

"येडा शे का तू?" अक्का म्हणाली. तिनं भावाच्या डोक्यावर हात टेकला, गुडघ्यावर पाय ठेवला आणि गाडीत चढली.

घर येईपर्यंत आबा कराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पुढे बसून ती दोघं आईच्या हातच्या सांजोऱ्यांविषयी बोलत होती आणि मधूनच हसत होती. अक्काची माहेरची ती शेवटची आखाजी ठरली. पण झाली, याचं मला अजून बरं वाटतं.