छीदादांनी हुंगलेली गाडी

गाडीच्या एसीचा धडधाकट कंप्रेसर काढून मी त्या जागी नवा बसवायला लावला. मला कुणी फसवलं नाही. गॅरेजवाला बिचारा "थांबा सर, अजून बघू" म्हणत होता. पण मी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहून गेलो होतो, आणि पनवेलच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस वर तीन व्हिडिओ पाहून आला की त्याच्यापुढे मेकॅनिकचं काय चालणार? नवा कंप्रेसर बसला. दुसऱ्याच दिवशी कळंबोलीच्या पुढे एसीतून पूर्वीसारखीच कोमट हवा यायला लागली.

छीदादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे जित्या मानसाला जालून आलात तुमी," ते म्हणाले, आणि मग तो शब्द, ज्यावरून अख्खं पनवेल त्यांना ओळखत होतं : "छीऽऽ!"

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. जुन्या हायवेला कोन गावाच्या अलीकडे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि ते फक्त गाड्यांच्या एसीचं काम करत. आलेल्या प्रत्येक गाडीचं स्वागत ह्या एका उद्गाराने होई. बोनेट उघडण्याआधी ते आत बसायचे, डोळे मिटायचे, हवा येते त्या झडपेला नाक लावायचे आणि हुंगायचे. मग "छी" यायची. त्या छीचेही प्रकार होते. आखूड छी म्हणजे फिल्टर घाण. लांब छी म्हणजे आत उंदीर मेलाय. आणि नाकाने नुसता फुस्स असा आवाज केला, तर ती गाडीला नसायची, मालकाला असायची.

त्यांची स्वतःची शेती एक्स्प्रेसवेला गेली होती. चुलतभावांची जास्त गेली, म्हणून भाऊ बिल्डर झाले आणि रणगाड्यांएवढ्या गाड्या घेऊन दादांच्याच दारात येऊ लागले. एकाने एसीच्या झडपेला अत्तराची महागडी बाटली अडकवली होती. दादांनी ती उपटून त्याच्या हातात दिली. "दादूस, रविवारी सुकट आनलीस, ती डिकीत सांडलीस, आनि आता वासावर वास मारतोस? छी. जा, उनात उबा र्‍हा." आणि तो पाच तोळ्यांची साखळी घातलेला माणूस खरंच उन्हात उभा राहिला. गाडी तपासून होईपर्यंत मालकाने बाहेर उन्हात आणि दादांनी आत गारव्यात, हा तिथला रिवाजच होता.

आमच्या गाडीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, भर अकराच्या उन्हात, पनवेलहून वाशी. ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांना सांगायला नको : त्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. बाहेर मे महिना पेटलेला, घसा कोरडा, आणि दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत. गाडी गार असली तर आई तग धरायची. ती तापली की बाटलीकडे बघत बसायची, मागायची नाही. एका मंगळवारी खारघरच्या उतारावर तिने डोळे फिरवले. गुरुवारी ती तयारच झाली नाही. "त्या भट्टीत बसून जगण्यापेक्षा मी घरी पंख्याखाली मरते," ती म्हणाली, आणि त्या दिवशीची फेरी चुकली. डॉक्टर फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि हा एसी तरी कसला! निघाल्यावर दहा मिनिटं झकास. मग कोमट. मग वाशी येता येता आपोआप पुन्हा गार. येताना बहुतेक वेळा ठणठणीत. गॅरेजात नेला की कधीच बिघडायचा नाही. कॉम्प्युटर लावला तर कॉम्प्युटर म्हणायचा, सगळं छान.

"बंद पडलेली गाडी खरं बोलते," छीदादा म्हणाले. "मदीमदी बंद पडनारी गाडी नाटकी. तिला धरायची तर नाटक बघाया बसावं लागतं."

त्यांनी आधी फिल्टर काढला. त्यातून काय निघालं ते मी जेवणाआधी कुणाला सांगत नाही, पण व्यक्तिचित्राशी प्रामाणिक राहायला हवं : शेंगदाण्याची टरफलं, केसांचा गुंता, वडापावच्या कागदाचा कुरतडलेला तुकडा, पालीची शेपटी, आणि ह्या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारं काहीतरी काळं, ओलसर. दादांनी ते माझ्या नाकासमोर धरलं. "आजीला ह्या वासातून नेता तुमी? सर ना तुमी?" नाक दाबूनच मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे सापडलं! हेच कारण!"

"नाय," ते म्हणाले. "घान वेगली, दोस वेगला. घान दिसली की लोकांना वाटतं दोस घावला. घान काडली म्हनून कुनी नीट होत नाय." हे वाक्य मी नंतर स्टाफरूममध्ये माझं म्हणून दोनदा वापरलं.

मग त्यांनी मला चार दिवस वहीत नोंद ठेवायला सांगितली. मी ती अशी ठेवली की बोर्डाचे परीक्षक रडले असते. वेळ, वेग, बाहेरचं तापमान, इंजिनाचे फेरे, शेवटी लाल-निळ्या पेनाने आलेख. दादांनी पानं उलटली. फुस्स आवाज झाला. "सर, यात गाडी हाय, रस्ता हाय, सूर्य हाय. तुमी कुटं हाय?"

"मी म्हणजे?"

"तुमचे हात काय करत व्हते?"

मी हसलो. हात स्टीअरिंगवर होते, दुसरं काय करणार?

तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि शनिवारी ते आमच्या गाडीत, माझ्या शेजारी येऊन बसले. आईला मागे बसवलं ते त्यांनीच, हात धरून. ती यायला तयार नव्हती. "आजी, आज मी हाय. गरम झालं तर मी सरांना उतरवतो नि गाडी मी चालवतो," एवढ्यावर ती आली. मला म्हणाले, "बोलू नका. शिकवू नका. रोज करता तेच करा."

मी रोज करत होतो ते असं. उन्हातली गाडी गार होईपर्यंत मानेला ओला नॅपकिन गुंडाळायचा. गाडी गार झाली की तो काढून डॅशबोर्डच्या हूकवर टांगायचा. हूक मीच चिकटवला होता, स्टार्टच्या बटणाखाली, गुडघ्याजवळ. कळंबोलीला मी नॅपकिन टांगला. खारघर आलं आणि हवा कोमट झाली. मागे आईने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

दादा झडपेकडे बघतच नव्हते. ते माझ्या गुडघ्याकडे बघत होते. मग त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर उचलावा तसा, तो नॅपकिन उचलला. त्यामागे नाण्याएवढी बारीक जाळी होती.

"ही कसली जाली?" दादांनी विचारलं.

"स्पीकर असावा," मी म्हणालो.

"गाडीत गरम हाय का गार, ते गाडी हितून हुंगते. हे तिचं नाक. आता सांगा सर, ओल्या फडक्यातून येनारी हवा कशी असते?"

"गार," मी म्हणालो. प्रश्न माझ्या विषयातला होता. "त्याचं असं आहे दादा, पाण्याचं बाष्पीभवन होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं, म्हणून माठातलं पाणी..." मी बेलापूरपर्यंत समजावून सांगत होतो. माठ झाला, कुत्र्याची जीभ झाली, वाळ्याचे पडदे झाले. वाळ्याच्या पडद्यापाशी माझं मलाच कळलं, मी काय करत होतो. नॅपकिन ओला असेपर्यंत गाडीला वाटायचं, आत महाबळेश्वर आहे, आता कशाला कष्ट करा. वाशीपर्यंत तो वाळला की तिला जाग यायची. आणि गॅरेजात गाडी देताना तो आंबट वासाचा नॅपकिन मी न चुकता खिशात घालून नेत होतो. आपली घाण परक्याला का दाखवा!

तोपर्यंत हवा गार झाली होती. मागून आई म्हणाली, "आलं गं बाई." बाटलीला तिने हात लावला नव्हता.

दादांना एवढ्यावर समाधान नव्हतं. एकदा जमलं ते नशीब असतं, असं त्यांचं मत. पण म्हातारीवर प्रयोग करायचा नाही. तिला हॉस्पिटलात सोडल्यावर चार तास त्यांनी मला वाशीत फिरवलं. नॅपकिन भिजव, टांग, तापव. काढ, गार कर. तीनदा. प्रत्येक वेळी नॅपकिन हातात धरताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला स्वतःचीच किळस आली. शेवटी त्यांनी हूक उपटला आणि मला दिला. "वर्गात लावा."

त्यानंतर आईची एकही फेरी चुकली नाही. शनिवारी येताना ती वाटेत दादांच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावी. दादा आत डोकं घालून हुंगत आणि नुसती मान डोलवत. त्यांच्या तोंडून छी न येणं हा त्या रस्त्यावरचा मोठा मान होता.

यंदा रस्ता रुंद करायला त्यांचं दुकान गेलं. मोरा बंदरात मित्राच्या मासळीच्या कोल्डस्टोरेजची यंत्रं सांभाळायला ते निघाले. शेवटच्या दिवशी आईने हट्टाने मला तिकडे न्यायला लावलं. पत्रे उतरवून ठेवलेले, दादा एका खोक्यावर बसलेले. आई गाडीतून उतरली नाही, तिला उतरवत नव्हतं. तेच खिडकीशी आले. माशांचा वास सोसवेल का, असं मी विचारलं. "मासली सडली तर सडली म्हनून वास देते," ते म्हणाले. "ती नाटक नाय करत."

आईने त्यांचा हात धरून ठेवला. तिच्या डोळ्यांत खरंच भीती होती. "तुम्ही चाललात. आता पुन्हा एसी बंद पडला, तर माझं कसं व्हायचं हो?"

छीदादांनी शेवटचं एकदा आत डोकं घालून हुंगलं, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय घाबरू नका, आजी. गाडी घरीच ठेवा. यांना एकट्याला माझ्याकडं पाटवून द्या, तपासायचं यांनाच हाय."