जिन्याखालची न्हाणी

गल्लीबोळातली पोरं तिला हिरवी बाई म्हणत. पालिकेच्या मलनिस्सारण खात्यात ती नोकरीला होती, आणि तिचं काम ऐकून लोक आधी हसत, मग जरा लाजत. घराघरांत जायचं, संडासात आणि मोरीत हिरव्या रंगाची पूड टाकायची, वरून बादलीभर पाणी ओतायचं आणि तो रंग कुठे बाहेर पडतो ते बघायचं. मैल्याच्या गटारात पडला तर घर सुटलं. पावसाळी गटारात पडला तर त्या घरचं सांडपाणी तळ्यात जातंय असं समजायचं, कारण पावसाळी गटार थेट तळ्यातच उतरायचं.

तळं नासलं होतंच. पाण्यावर तवंग, काठाला मेलेले मासे, आणि बाकांवर बसायचं तर नाकाला रुमाल. पालिकेनं रस्ते उकरून जुने फुटके पाइप काढले, नवे घातले. लोकांनी चिखल तुडवला, शिव्या घातल्या, सगळं पार पडलं. तरी भर उन्हाळ्यात तळ्याकाठचं पावसाळी गटार वाहतच राहिलं. कुणाच्या तरी घरची जोडणी चुकली होती. साहेबांनी गल्ल्या वाटून दिल्या, आणि तिच्या वाट्याला जी आली त्याच गल्लीत ती लहानाची मोठी झाली होती.

बदलून मागता आली असती. तिनं मागितली नाही. आई गेल्यावर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, ते घर विकलं होतं. अण्णा शिंपी. रिकाम्या घरात मशीन चालवताना पाय थांबतो, एवढंच त्यांनी तेव्हा सांगितलं, आणि त्यानंतर घराचं नाव काढलं नाही, आईचंही नाही. आई गेली तेव्हा ती शाळकरी होती. आजारातली आई तेवढी तिला आठवायची. त्याआधीची आई कशी होती, हे विचारायला गेलं की अण्णा सुईत दोरा ओवत बसायचे. त्यामुळे आईची आठवण म्हणजे तिच्या लेखी ते घरच होतं, आणि त्यात परकी माणसं राहत होती.

दार एका निवृत्त नर्सबाईंनी उघडलं. गुडघे धरलेले, पण बोलणं खणखणीत. एकट्याच राहायच्या. तिनं आपली ओळख दिली ती फक्त पालिकेची. आत पाऊल टाकलं तर भिंतींचा रंग वेगळा, सामान वेगळं, पण दुपारचं ऊन जमिनीवर पडलं होतं ते अगदी पूर्वीच्याच जागी. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. नर्सबाईंना वाटलं, उन्हातून आलीय, घेरी आली असेल. त्यांनी पाणी आणून दिलं.

वरच्या मजल्यावर रंग टाकला. तिचा जोडीदार तळ्याकाठी गटाराच्या तोंडाशी बसला होता, तो फोनवर म्हणाला, काही नाही. मग ती जिन्याखालच्या न्हाणीत गेली. आईचे पाय गेले, जिना चढवेना, तेव्हा अण्णांनी ही न्हाणी आणि संडास एका गवंड्याला हाताशी घेऊन बांधला होता. निम्म्या फरश्या पांढऱ्या, निम्म्या पिवळ्या. मिळतील तशा लावलेल्या. भिंतीला एक लोखंडी कडी होती, आईला धरून उठता यावं म्हणून. तिनं पूड टाकली आणि बादलीभर पाणी ओतलं.

"आला," जोडीदार फोनवर म्हणाला. "हिरवागार आलाय."

नर्सबाईंना तिनं सगळं समजावलं. फरशी फोडावी लागेल, नवा पाइप रस्त्यातल्या मैल्याच्या गटाराला जोडावा लागेल, खर्च पालिकेचा, तोवर न्हाणी बंद. मग नको तेवढं सांगून बसली, की हे घर आमचं होतं. नर्सबाई म्हणाल्या, मग वडिलांना घेऊन ये की एकदा, फोडण्याआधी.

अण्णांना सांगावं की नाही, या विचारात तिचं जेवणावरही लक्ष नव्हतं. शेवटी सांगितलं. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"म्हणजे तळ्यात जात होतं ते आपलं?"

"आपलंही, अण्णा. अजून बरीच घरं निघाली."

"मला पाइप दिसला, मी जोडला," अण्णा म्हणाले. "पाणी वाहून गेलं, एवढंच बघितलं. कुठे गेलं ते नाही बघितलं. तिला जिना चढवत नव्हता गं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. नर्सबाईंनी त्यांना थेट न्हाणीपाशी नेलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसल्या, म्हणजे इकडे कुणाला अवघडायला नको. अण्णांनी कडीवर हात ठेवला, तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं ते दाराशी आले आणि त्यांनी विचारलं, की फरशी फोडा, पण एवढी कडी राहू द्याल का?

"मी काढू देईन होय?" नर्सबाई म्हणाल्या. "रोज तिलाच धरून उठते मी."

अण्णा हसले आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

खोदकाम झालं. न्हाणी बंद होती तोवर नर्सबाई शेजारणीकडे जायच्या आणि येताना मजुरांची खरडपट्टी काढायच्या. नवा पाइप जोडला, तिनं पुन्हा रंग टाकला, आणि या वेळी तो रस्त्यातल्या चेंबरमध्ये दिसला, जिथे दिसायला हवा तिथेच. बाकीच्या घरांचीही कामं उरकली. हळूहळू तळ्याकाठचं गटार कोरडं पडलं. वास गेला, मग तवंग विरला. पाणी लगेच काही आरशासारखं झालं नाही. तपासणीवाले म्हणाले, अजून वेळ लागेल.

एका संध्याकाळी अण्णाच म्हणाले, चल, तळं दाखव. दोघं काठावरच्या बाकावर बसले. बाकं भरलेली होती, कुणाच्या नाकाला रुमाल नव्हता. अण्णा पाण्याकडे बघत राहिले, आणि तिनं न विचारता बोलले.

"तुझी आई इथे पोहायची. लग्नाआधी."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पाय ओढत भिंत धरून चालणारी आई तिला माहीत होती.

"पोहायची?"

"मैत्रिणींना मागे टाकून पलीकडे जायची. मी कपड्यांचं गाठोडं घेऊन इथून जायचो, तर मुद्दाम पाणी उडवायची माझ्यावर. मला वाटायचं, केवढी आगाऊ मुलगी. नंतर तिलाच मागणी घातली."

इतकी वर्षं जे हवं होतं ते हे होतं, आणि ते मिळताच आणखी हवंसं झालं. आईचे केस तेव्हा लांब होते का, ती मोठ्यानं हसायची का, आपल्याला पोहायला शिकवणार होती का. समोरच्या रस्त्यावर त्यांच्या घराकडची बस आली, थांबली. अण्णा उठायला लागले.

तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"बसा ना अण्णा. दुसरी येईल," ती म्हणाली. "पाणी उडवायची, मग?"