कोळ्याचं जाळं तोडा

पिंपरीला कारखान्यांच्या इमारती उठत होत्या, त्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं. बांधकामावरच्या मजुरांना त्यांचा ठेकेदार दिवस मावळला तरी सोडत नसे. त्याचं नाव न घेता मी त्याला कोळी म्हटलं, जाळ्यात बसून रक्त पिणारा, आणि शेवटी ठळक ओळ टाकली : 'कोळ्याचं जाळं तोडा!' पत्रकांवरच वाचायला शिकलेल्या मला ती ओळ फार आवडली होती.

रहाटणीत आमच्या शेजारी एक मावशी राहायची. जातीची कोळीण. नवरा गेल्यापासून नदीकाठच्या पाणथळीत एकटीच जाळं लावायची. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा याच बाईच्या हातचं कालवण खाऊन मी वाढलो. पत्रक वाटल्यावर दोन दिवस तिचं जाळं छपराखाली गुंडाळलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "तूच लिवलंस न्हवं, तोडा म्हणून? शाळंतल्या पोरीनं वाचून दावलं."

मी हसलो. ती हसली नाही.

"मावशे, तो कोळी म्हणजे आठ पायांचा. किडा."

"मग त्यानं तरी तुझं काय घोडं मारलंय? चल."

तिनं मला लव्हाळ्यात, गुडघाभर पाण्यात उभं केलं. एका पानाच्या कडेला करडा कोळी बसला होता. मागचे पाय पानावर, पुढचे पाण्यावर टेकलेले. जाळं कुठंच नाही. पाणी जरासं थरथरलं, आणि त्यानं झेप घेऊन बोटाच्या पेराएवढा मासा वर ओढला.

"पोटापुरतं घेतोय. आन् ही बघ, बाईमाणूस." शेजारच्या पानावर दुसरी कोळीण होती, तिच्या तोंडात पांढरी गोळी होती. "अंडी हायेत. पिल्लं सुटायची येळ येईस्तोवर सोडत न्हाई. तोंड भरलेलं, खाईल कशी?" इतक्या हळू आवाजात ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "ओळ खोडतो."

"खोड. पर तिथं काय लिवशील?"

"लांडगा?"

"आता लांडग्याच्या मागं लागलास व्हय! आरं, ज्याच्याशी भांडण हाय त्याचं नाव घे की. का भितोस?"

भीतच होतो. आणि त्या भीतीलाच मी आजवर लेखन म्हणत होतो.

उरलेली पत्रकं तिच्या अंगणात पसरली. एकेकावरची ओळ खोडून ठेकेदाराचं नाव हातानं लिहीत गेलो. ती शेजारी बसून जाळ्याचा गुंता सोडवत होती. "शाई वाळू दे," एवढंच म्हणाली, आणि जाळं खांद्यावर टाकून पाण्याकडे निघाली.